मंगळावरचा सालदार

लेकीने पुण्यातली नोकरी सोडली आणि अमरावतीला येऊन व्हिडिओ गेम बनवायला घेतला, तेव्हा मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई, अबोला धरणं मला चांगलं जमतं. नवव्या दिवशी तिने लॅपटॉप माझ्यापुढे आणून ठेवला आणि माझा अबोला तिथेच संपला, कारण मला हसू आलं.

पडद्यावर मंगळ होता, पण थर्माकोलचा. अंतराळवीरांनी चांदीच्या कागदाचे कपडे घातले होते आणि उडत्या तबकडीची दोरी सरळ दिसत होती. तिने ती मुद्दाम दाखवली होती. जुन्या कृष्णधवल विज्ञानपटांना केलेला हा नमस्कार आहे, असं ती मला समजावून सांगू लागली. मला काय समजावते? मधोमध जो पत्र्याचा यंत्रमानव उभा होता, त्याला मी सातव्या वर्षापासून ओळखत होते. तिने त्याचं नावही तेच ठेवलं होतं, सालदार.

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. हे नाव माझ्या वडिलांनी दिलेलं. ते अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. रविवारी सकाळी तिथे इंग्रजी पिक्चर लागायचा. तिकीट कमी, म्हणून गर्दी बरी असायची: जिनिंगचे मजूर, हमाल, दुकान उघडायच्या आधी येऊन बसणारे शिंपी. इंग्रजी कोणालाच कळत नसे. ऑपरेटरच्या खोलीत एक माइक होता, कोणाची सायकल दारात आडवी लागली असली की ओरडायला. एका रविवारी लोकांनी फारच गलका केला, तेव्हा वडिलांनी तो माइक उचलला आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. पुढे तो रिवाजच पडला.

पडद्यावर दोन अंतराळवीर नकाशावरून तावातावाने बोलत असले, की वरून आवाज यायचा, "या दोघाइचं धुऱ्याचं भांडण हाय. जमीन मंगळावरची, पण धुरा तो धुराच." धुरा म्हणजे शेताचा बांध. सगळं टॉकीज मान हलवायचं, कारण तसलं एखादं भांडण प्रत्येकाच्या घरी चालू असायचं. मग यंत्रमानव यायचा. "हा याइचा सालदार. सांगान ते काम करते, पण जेवाले मांगत नाही." शेवटी नायक त्याची कळ बंद करायचा आणि त्याच्या डोळ्यातले दिवे विझायचे. तिथे वडील आवाज खाली आणायचे. "लय थकला होता बिचारा. झोपू द्या त्याले." पुढच्या रांगेतून कोणी तरी विचारायचं, "चाचा, उठेगा ना फिर?" वडील सांगायचे, "उठते ना, सकाळी उठते."

तो पिक्चर दर वर्षा-दोन वर्षांनी परत यायचा. मी तो चार वेळा पाहिला आणि चारही वेळा रडले.

लेकीला लहानपणी भरवताना मी हीच गोष्ट सांगितली होती. आता तिला गेममध्ये तो आवाज हवा होता, आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. "आई, त्यांनी नुसतं बोलायचं. खेळणाऱ्याला सांगायचं, पुढे काय चाललंय ते," ती म्हणाली.  तिला गोष्ट सांगितली होती, पण वडिलांनी ती सांगणं का बंद केलं, हे कधी सांगितलं नव्हतं.

ते माझ्यामुळे बंद झालं. मी अमरावतीला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली. कॉलेजात तोच पिक्चर दाखवणार होते. मी आदल्या दिवशी होस्टेलच्या मुलींना सगळी गोष्ट रंगवून सांगितली. दुसऱ्या दिवशी सरांनी खरी गोष्ट सांगितली. यंत्रमानव शत्रूचा हेर होता. त्याने दोन माणसं मारली होती, म्हणून नायकाने त्याला संपवलं. भांडण जमिनीचं नव्हतंच. मुली वर्षभर मला सालदार म्हणत होत्या.

दिवाळीला घरी गेले आणि फराळाला आलेल्या पाहुण्यांसमोर वडिलांना म्हणाले, "बाबा, तुमाले इंग्रजी येत नाही तं बोलता काहून? लोकाइले येडं बनवून राहिले तुमी."  हातातला चिवडा त्यांनी परत ताटलीत ठेवला. पुढच्या रविवारी त्यांनी माइक उचलला नाही. लोकांनी दोन-तीन रविवार शिट्ट्या वाजवल्या, मग तेही थांबले. मी या गोष्टीची कधीच माफी मागितली नव्हती. रोज मुलांच्या चुका लाल पेनाने काढणाऱ्या बाईला आपली एक चूक कबूल करायला चाळीस वर्षं पुरली नाहीत.

परवा आम्ही दोघी अकोल्याला भावाकडे गेलो. वडील तिथेच असतात. लेकीने त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला, छोटा माइक ठेवला. यंत्रमानव दिसला तसे ते हसले, पडद्याला बोट लावून पाहिलं. मग माइककडे पाहून म्हणाले, "आता काय बोलू मी? तुयी माय हाय ना, ती शिकेल हाय."

"आबा, मले तुमचाच आवाज पाहिजे," लेक म्हणाली.

त्यांनी सुरुवात केली. "हा सालदार हाय." थांबले. माझ्याकडे पाहिलं. "बरोबर हाय ना?" मी मान हलवली. "हा काम करते." पुन्हा माझ्याकडे. "चुकलं तं सांगजो बाई." शाळेत फळ्यापुढे उभं राहिलेलं मूल असंच बघतं. 

मी त्यांच्या जवळ जाऊन बसले. "बाबा, त्या दिवाळीले मी चुकली. तसं बोलाले नव्हतं पाहिजे."

"तू खरंच बोलली होती," ते म्हणाले. रागाने नाही, अगदी साधं. "मले इंग्रजी कुठी येत होतं? पण लोक तिकीट काढून बसले होते. त्याइले काही तरी सांगाच लागे ना."

लेक आमच्या दोघांकडे पाहत राहिली. त्यांनी माइक पुन्हा जवळ घेतला, एक वाक्य बोलले, आणि त्यांची नजर परत माझ्याकडे आली. माफी मागून ती नजर जाणार नव्हती. मी समोर असेपर्यंत त्यांना बोलता येणार नव्हतं.

चहा ठेवते म्हणून मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. दार अर्धं लोटून घेतलं.  मग त्यांचा आवाज आला, आधी चाचपडत, मग मोकळा, आणि लेकीचं हसू. मंगळावर सोयाबीन पेरलं होतं आणि सालदाराला रानडुकरांपासून पीक राखायला बसवलं होतं. हे मी कधीच ऐकलं नव्हतं.

चहा आटून अर्धा झाला. मी गॅस बंद केला, पण बाहेर गेले नाही.