सासूबाईंनी मागितलेली वार

सातव्या महिन्यात मला करोना झाला आणि बाळ पोटात वाढेनासं झालं. शेवटी सिझेरियन करावं लागलं. दिवेआगरहून आलेल्या सासूबाई नर्सकडे बाळामागून निघालेली वार मागू लागल्या. त्यांच्याकडे ती वाडीत माडाच्या बुंध्याशी पुरतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नर्सला कुजबुजले, "अडाणी आहेत हो, लक्ष देऊ नका."

संध्याकाळी डॉक्टर म्हणाल्या, "विषाणूमुळे वार जागोजागी खराब झाली होती, म्हणून बाळाला रक्त कमी पडलं. पण बाळाला संसर्ग नाही. वार तपासणीला पाठवलीय."

सासूबाईंनी हात जोडले. "म्हणजे समदं तिनं अंगावर घेतलं. मग तिला कचऱ्यात नका टाकू. अडाणी हाय मी, पण तेवढं कळतं."

टाके ओले होते. कूस बदलून मला तोंडही लपवता येईना.