लेकीची झेन आणि कडूबाचा संशय

अंबडच्या मोसंबीच्या ट्रकांवर कडूबानं एक्क्याऐंशी साली स्टेअरिंग धरलं, ते गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हाच सोडलं. नागपूर, इंदूर, दिल्ली, माल जाईल तिथं कडूबा जायचा. त्या रस्त्यांनी त्याला एकच गोष्ट शिकवली होती. नजर हटली की वस्तू गेली. ताडपत्री जाते, स्टेपनी जाते, डोळा लागलेल्या ड्रायव्हरच्या टाकीतलं डिझेल जातं. म्हणून तो प्रत्येक टायरच्या आतल्या अंगाला हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका देऊन ठेवायचा आणि ढाब्यावर जेवताना ताट घेऊन गाडीकडं तोंड करून बसायचा. पंपावर काटा शून्यावर आलेला स्वतः पाहिल्याशिवाय नळी टाकीला लावू द्यायचा नाही. बायको चतुराबाई शेजारणींना सांगायची, "ह्यांना मी वाढलेल्या ताटाचाबी भरोसा न्हाई."

घरी बसल्यावर या स्वभावाला काही कामच उरलं नाही. मग तो दूधवाल्याच्या मापावर गेला, विजेच्या मीटरवर गेला आणि शेवटी लेकीवर येऊन थांबला.

बेबीनंदा त्याची एकुलती एक. परभणीला शेतीचं शिकून ती जालन्यात एका बियाणांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली होती. अंबडहून सकाळच्या एसटीनं जायची, अंधार पडता पडता यायची. तिशीला टेकली होती. लग्नाचा विषय निघाला की उठून भांडी आवरायला लागायची. दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती म्हणाली, "आबा, मी गाडी घेणार आहे. जुनी चालेल. तुम्ही संगं चला, तुमच्यासारखं पारखणारं दुसरं कोण हाय?"

कडूबाला बरं वाटलं. पण ते वाटणं रात्रीपर्यंतच टिकलं. एसटीचा पास असताना हिला गाडी कशाला? आणि आपली एवढी स्तुती हिनं आजवर कधी केली होती?

पहिली गाडी पाहिली ती जालन्यातल्या शिवाजी नावाच्या दलालाकडं. लाल पालिओ, सोळाशेच्या इंजिनाची. शिवाजी म्हणाला, "डॉक्टरची गाडी हाय, काका. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना." बेबीनंदानं इंजिन चालू केलं आणि पायानं ॲक्सिलरेटर जरासा दाबला. आवाज ऐकून तिच्या हातावर काटा आला, तो कडूबाला दिसला. तो मात्र पोतं अंथरून गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटाला लाल रंग लागलेला होता.

"दरवाज्याच्या रबरावर रंगाचे शिंतोडे हायत," तो म्हणाला. "खाली नवं वेल्डिंग हाय. तुमचा डॉक्टर गाडी झाडावर घालून घरी जायचा का?"

शिवाजी हसून विषय दुसरीकडं नेऊ लागला. बेबीनंदा गाडीतून उतरली, पण उतरल्यावरही तिनं एकदा वळून पाहिलं.

दुसरी सँट्रो होती, जवळजवळ नवी. कडूबाला खालून वरून काही सापडलं नाही, त्यामुळं तो जास्तच अस्वस्थ झाला. पण नकार दिला तो बेबीनंदानं. "उंच हाय, आबा. मला बसकी पाहिजे."

"बसकी? आपल्या रस्त्यांनी बसकी गाडी पोट घासत जाईल."

"जाऊ द्या घासत."

असलं उत्तर कडूबानं कुठल्याच गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ॲव्हरेज किती, डिकी केवढी, एसी गार करतो का, हे तिनं कुठंच विचारलं नाही. ब्रेक तापल्यावर गाडी ओढते का, स्टेअरिंग सोडलं की सरळ येतं का, असलं मात्र खोदून खोदून विचारलं. कुणीतरी हिला पढवून पाठवलं आहे, ही गाठ कडूबाच्या मनात पक्की बसली. आणि पढवणारा म्हणजे पुरुषच असणार.

तिसरी गाडी मंठ्यात सापडली. ख्वाजामियाँचं तिथं बँडपथक होतं. लग्नसराईत ते वाजवायचे आणि एरवी ओट्यावर बसून ट्रंपेट पुसायचे. त्यांच्या दारात पांढरी झेन उभी होती, पाच वर्षांची, धुतलेली. कडूबानं पोतं अंथरलं, बोनेट उघडलं, तेल बोटावर घेऊन चोळून पाहिलं. सगळं बराबर होतं.

"इतकी चांगली गाडी विकता कशाला?" त्यानं विचारलं.

"कमर गई, भाई," ख्वाजामियाँ म्हणाले. "खाली बसलो की वर येता येत न्हाई. आता जीप घेतली. तुम्हाला शक येऊन राह्यला न? मलाबी येतो. तुमची मुलगी एवढी गाडी कशाला पाहून राह्यली?"

बेबीनंदानं चावी घेतली. वाटूरच्या रस्त्यानं चाचणी करायची ठरली. कडूबा शेजारी बसला, मागं ख्वाजामियाँ कंबर सांभाळत कसेबसे मावले. गाव सुटेपर्यंत ती शहाण्यासारखी चालवत होती. मग मोकळा रस्ता लागला आणि पुढं वळण आलं. कडूबाचा पाय आपोआप चटईवर दाबला गेला, कारण तिथं तो स्वतः ब्रेक मारायचा. तिनं मात्र त्याच्या बरंच आधी ब्रेक मारून गिअर खाली टाकला होता, आणि आता वळणात वेग कमी न करता गाडी जोरात ओढून घेतली. झेन डांबराला चिकटल्यासारखी फिरली. बेबीनंदाच्या तोंडावर त्या क्षणी काही नव्हतं. हसू नाही, भीती नाही. जणू गाडीत तिच्याशिवाय कुणी नव्हतंच.

हे हिला मी शिकवलं नाही, कडूबाच्या मनात आलं. अंबडच्या ड्रायव्हिंग क्लासवाल्यानंही शिकवलेलं नाही. मग कुणी?

परत आल्यावर ख्वाजामियाँनी त्याला बाजूला घेतलं. "तरुणपणी मी शंकरपटात बैल पळवलेत," ते हळू आवाजात म्हणाले. "पटाचा बैल घेणारा माणूस वेगळं विचारतो. दात नंतर पाहतो, आधी खुरं पाहतो. तुमची मुलगी तसं विचारून राह्यली. ही गाडी नुसती हापिसाला जायला न्हाई चालली."

गाडी घेतली. पण कडूबाच्या डोक्यात आता एका शंकेच्या जागी दोन झाल्या. पट म्हटलं की शर्यत आली, आणि शर्यत म्हटली की पैसे लावणारे आले. लेक एखाद्या माणसाच्या नादाला लागली आहे, की जुगाराच्या?

सोमवार ते शनिवार झेन सकाळी जालन्याला जायची आणि संध्याकाळी दारात यायची. पण अधूनमधून एखाद्या रविवारी बेबीनंदा उजाडताच निघायची. "मैत्रिणीकडं चालले," एवढंच सांगायची. परत आली की स्वतःच बादली घेऊन गाडी धुवायची. कडूबा खाटेवर पडल्या पडल्या पाहायचा. चाकाच्या वरच्या खोबणीत तिला न दिसलेली मुरमाड माती राहून जायची. टायर मधे चांगले होते आणि बाहेरच्या कडेला झिजत होते. सरळ रस्त्यानं मैत्रिणीकडं जाणाऱ्या गाडीचे टायर असे झिजत नाहीत.

एकदा ती आंघोळीला गेली तेव्हा त्यानं डिकी उघडली. टॉवेलात गुंडाळलेलं हेल्मेट होतं. ती बाहेर येताच त्यानं ते पुढं धरलं. "गाडीला छत हाय. मंग हे डोक्यावर कशाला?"

"मैत्रिणीचं हाय. राहून गेलं."

कडूबानं हेल्मेट नाकाशी नेलं. हेल्मेटच्या आतल्या कापडाला बेबीनंदाच्याच तेलाचा वास येत होता.

पुढच्या खेपेला ती रविवारी सकाळी बाहेर आली तर कडूबा टोपी घालून झेनमधे बसलेला. चतुराबाई दारातून म्हणाली, "मी लई सांगितलं त्यांना." बेबीनंदा थोडा वेळ चावी हातात घेऊन उभी राहिली. मग आत बसली. "चला. पण तिथं कुणाला काही बोलू नका, आबा."

औरंगाबादच्या पुढं, रस्त्यापासून आत, एक मोठा माळ होता. त्यावर जुने टायर मांडून आणि चुन्याच्या रेघा ओढून वळणं आखली होती. एकेक गाडी सोडायची, तिनं सगळी वळणं घेऊन यायचं, टायरला धक्का लावायचा नाही, आणि कुणाला किती वेळ लागला ते घड्याळावर पाहायचं. एवढाच तो खेळ. वीसपंचवीस गाड्या होत्या, सगळ्या धुळीनं माखलेल्या. बायका इनमीन तीन. बेबीनंदानं हेल्मेट काखेत मारलं आणि म्हणाली, "गाडी सोडायच्या आधी रस्ता पायी फिरून डोक्यात बसवावा लागतो. मी येते जाऊन. तुम्ही सावलीला बसा."

कडूबा सावलीला बसला नाही. एक माणूस हातात चिठ्ठ्या घेऊन आकडे टिपत होता. पैसे लावणारा हाच, असं समजून तो त्याच्या मागं मागं फिरला. तो माणूस फक्त गाड्यांचे नंबर लिहीत होता, यावर त्याचा लवकर विश्वास बसेना. पाणी पिऊन तो झेनकडं आला, तर गाडी जॅकवर चढवलेली होती. दोन चाकं निघून जमिनीवर आडवी पडली होती आणि एक अनोळखी तरुण तिसऱ्याचे नट सोडत होता.

इतक्या वर्षांचे सगळे ढाबे कडूबाच्या अंगात उभे राहिले. त्यानं पान्हा हिसकावून घेतला.

"चाकं कुठं घेऊन चालला?"

"काका, बदलून राह्यलो. मी धर्मराज. नंदाताईच्या लॅबमधेच असतो. आजच्यापुरते माझे टायर लावतोय, ह्यांची पकड चांगली हाय. ताईंनीच सांगितलं."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"त्यांना विचारा की."

"ती येईपर्यंत चाकाला हात लावायचा न्हाई." असं म्हणून कडूबा एका चाकावर बसला आणि पान्हा मांडीवर आडवा ठेवला. माणसं जमली. कुणी समजावलं, कुणी हसलं. धर्मराजनं दोनदा हात जोडले. कर्ण्यावरून बेबीनंदाच्या गाडीचा नंबर पुकारला, थोड्या वेळानं परत पुकारला. माळाच्या पलीकडच्या टोकाला असलेली बेबीनंदा धावत आली तेव्हा तिचं नाव खोडलं गेलं होतं आणि झेन दोन चाकांच्या आधारानं जॅकवर लटकून होती.

तिनं बापाकडं पाहिलं, धर्मराजकडं पाहिलं. मग ती खाली बसून जुनी चाकं स्वतः लावायला लागली. कडूबानं पान्हा पुढं केला, तो तिनं घेतला. पण नजर वर केली नाही.

परतीच्या रस्त्याला ती बैलगाडीसारखी चालवत होती. मागून ट्रक येऊन पुढं जात होते. बदनापूरला तिनं चहासाठी गाडी थांबवली. पुढं आलेला चहा कडूबानं त्या दिवशी नेहमीसारखा वास न घेताच प्यायला.

"आबा, तुम्हाला काय वाटलं होतं?" तिनं विचारलं. "मी काय करते रविवारी?"

"आधी वाटलं, कुणी माणूस हाय. मंग वाटलं, जुगार हाय."

"आणि आता?"

"आता काहीच कळंना."

बेबीनंदानं कप खाली ठेवला. "माणूस न्हाई. जुगार न्हाई. लॅबमधल्या लोकांसोबत एकदा पाह्यला गेल्ते, तिथंच शिकले. दिवसभर मला कुणी न् कुणी विचारत असतं. कुठं चालली, कधी येणार, लग्नाचं काय झालं. त्या रेघांच्या आत गेलं की कुणी विचारत न्हाई. नुसतं पुढचं वळण असतं. ते संपलं की त्याच्या पुढचं. तेवढ्यासाठी जाते."

कडूबानं रस्त्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "रिकामी गाडी आणताना तसं व्हायचं."

"काय?"

"माल उतरवला की गाडी रिकामी. ताडपत्री घडी करून ठेवलेली, चोरीला जाण्यासारखं काही न्हाई. अजिंठ्याचा घाट चढताना गाडी अशी हातात यायची, की वाटायचं, घर जरा उशिरा यावं." त्यानं रिकामा कप बाजूला सरकवला. "हे मी तुझ्या मायलाबी सांगितलं न्हाई."

बेबीनंदा हसली नाही, पण उठताना तिनं चावी त्याच्यापुढं धरली. गुडघ्यांचं कारण सांगून त्यानं ती परत केली. जालना येईपर्यंत झेन पुन्हा तिच्या नेहमीच्या वेगाला लागली होती.

त्या आठवड्यात कडूबा एसटीनं जालन्याला गेला आणि प्रयोगशाळेच्या फाटकाशी उभा राहिला. धर्मराज बाहेर आला तसं त्यानं मोसंबीची पिशवी त्याच्या हातात दिली. माफी मागणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. "गोड हायत," तो म्हणाला. "एक खाऊन पाह्य आणि मंगच घरी ने."

पुढच्या शर्यतीला तो परत गेला. धर्मराजनं चाकं बदलली तेव्हा शेजारी उकिडवा बसून त्यानं प्रत्येक नट स्वतः आवळून पाहिला, पण तोंडातून शब्द काढला नाही. बेबीनंदाची झेन धूळ उडवत सुटली. पहिलं वळण, दुसरं, मग टायरांच्या मधून नागमोडी. एकाही टायरला धक्का लागला नाही. कडूबाचा पाय सबंध वेळ जमिनीवर ब्रेक दाबत होता. पहिल्या फेरीत ती तिसरी आली. बायकांत नव्हे, सगळ्यांत. लोक टाळ्या वाजवत होते आणि कडूबा घड्याळ लावणाऱ्याच्या टेबलाकडं चालला होता.

"पहिल्या दोघांच्या येळेला घड्याळ बराबर दाबलं होतं का?" त्यानं विचारलं.

घड्याळवाला चष्मेवाला, शांत माणूस होता. त्यानं घड्याळ दाखवलं, कधी चालू करतो, कधी बंद करतो ते समजावून सांगितलं. कडूबानं सगळं ऐकून घेतलं. "तुमच्यावर शक न्हाई," तो म्हणाला, "पण मी इथंच उभा राहतो." आणि दुसऱ्या फेरीतल्या सगळ्या गाड्या सुटेपर्यंत तो त्याच्या खांद्याशी उभा राहिला.

त्यानंतर झेन त्या माळावर कितीतरी वेळा गेली. कधी पाचवी आली, कधी दहावी, एकदा पहिलीही. लग्नाचं विचारणं घरात बंद झालं. बाहेरच्या कुणी विचारलं तर कडूबाच त्याची उलटतपासणी घ्यायचा. माळावर मात्र घड्याळवाल्यानं आपल्या शेजारी एक जास्तीची खुर्ची मांडायला सुरुवात केली. कडूबा गाडीतून उतरला की थेट त्या खुर्चीकडं जायचा आणि बसायच्या आधी तिचे चारही पाय हलवून पाहायचा.