बाईंनी खोडलेला दोष

गांगुर्डेबाई गेल्या त्याच्या आदल्या रविवारी मी त्यांना दवाखान्यात भेटलो होतो. बोलायला दम पुरत नव्हता, तरी समोरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वसंता, 'शांतता राखा'चं 'शांता राखा' केलंय बघ. कोण ही शांता... पेन्सिल आहे का रे?" मंगळवारी छापखान्यात निरोप आला. हातातलं प्रूफ तसंच टाकून मी इंदिरानगरला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीनं निघताना बाईंची लाल पेन्सिल माझ्या हातात ठेवली. त्याला आता महिना होत आला.

द्वारका चौकाजवळच्या त्या छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवायचो आणि बाई प्रुफं तपासायच्या. दोन मुलींना एकटीनं वाढवलेली बाई, चुकीला दयामाया नाही! त्यांची पद्धत अशी, की ज्यानं मजकूर जुळवला त्यानंच मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि बाई प्रूफावर नजर ठेवून ऐकणार. पंचाहत्तर साली मी चोवीस वर्षांचा होतो, लग्न महिन्यावर आलं होतं, आणि एका वैद्याचं हँडबिल छपाईला आलं. ते वाचताना 'स्वप्नदोष' या शब्दापाशी मी थांबलो. असा पुरुष आतून पोखरला जातो, लग्नाला नालायक ठरतो, असं पुढे लिहिलं होतं. भिंतींवरच्या जाहिराती वाचून मी ते केव्हाच खरं मानलं होतं. झोपेत आपोआप जे व्हायचं त्यासाठी मी स्वतःला गुन्हेगार समजत होतो. मुलीच्या वडिलांना लग्न मोडल्याचं पत्र लिहून चार दिवस ते खिशात घेऊन फिरत होतो.

"पुढं वाच," बाई म्हणाल्या. मला वाचवेना. कान तापले आणि चक्क रडू आलं. बाईंनी खुर्ची जवळ ओढली. मशीनच्या खडखडाटात दुसऱ्या कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं. मी तोंडानं काय सांगितलं ते आठवत नाही, पत्र मात्र काढून दिलं.

त्यांनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "माझी धाकटी तान्ही होती ना, तेव्हा बाजारात कुणाचंही पोर रडलं की मला पान्हा फुटायचा. ब्लाउज ओला व्हायचा, मरणाची लाज वाटायची. मला विचारून यायचा का तो? अंग आहे, ते त्याचं काम करतं. तुझं झोपेतलंही तसंच. अरे, बायकांनासुद्धा होतं. फक्त त्याला नाव नाही, म्हणून दोष तरी लागला नाही!" मग प्रूफावरच्या त्या शब्दातला 'दोष' त्यांनी लाल पेन्सिलीनं खोडला. "इतकी वर्षं मी दोष शोधायचा पगार घेते. हा दोष नव्हे."

मालक भडकले. गिऱ्हाइकाचा मजकूर बदलायचा नाही म्हणाले, आणि हँडबिल दोषासकटच छापलं गेलं. माझं पत्र मात्र बाईंनी सोडलं नाही. वरचं 'सा. न. वि. वि.' आणि खालचं 'कळावे' एवढं ठेवून मधलं सगळं रेघा मारून काढून टाकलं. "आता खुशाल टाक पोस्टात," म्हणाल्या.

ते मी टाकलं नाही. माझी भीतीही काही त्याच दिवशी पळाली नाही. पण पहाटे जाग आली की बाईंचा पान्हा आठवायचा, हसू यायचं, आणि मी कूस बदलून पुन्हा झोपायचो. महिन्याभरानं लग्न झालं. बाई जेवायला आल्या आणि पत्रिकेतल्या दोन चुका काढून गेल्या.

आता जे लिहितो ते बायकोला, सुलोचनाला, विचारूनच लिहितो. गेल्या रविवारी या लेखाचा कच्चा कागद आणि ट्रंकेतलं ते जुनं पत्र मी तिच्या हातात दिलं. अकरा वर्षांत तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पत्र पाहून ती खूप हसली. मग कागद वाचता वाचता एका ओळीवर थांबली.

"बायकांनासुद्धा... असं खरंच म्हणाल्या होत्या बाई?"

"हो."

ती खाली बघत म्हणाली, "मला वाटायचं, माझंच काहीतरी वाईट आहे. तुम्हाला कसं सांगणार होते?"

मला फार वाईट वाटलं. बाईंनी मला सोडवलं आणि मी ते स्वतःजवळच ठेवून बसलो होतो. मी तिचा हात धरला. तिनं डोळे पुसले, टेबलावरची बाईंची लाल पेन्सिल उचलली, पत्राच्या तळाशी उरलेल्या 'कळावे'खाली एक रेघ ओढली आणि म्हणाली, "कळलं."