शेजारगावचा जिवंत गाळ

लोर्ना हेगडाल सव्वीस वर्षं आमच्या टिलरी गावच्या सांडपाण्याच्या प्लांटवर आहे. टाकीतल्या गाळात डोळ्याला न दिसणारे जीव असतात. ते गावाची घाण खातात, मग पाणी निवळशंख होऊन तळ्यात जातं. लोर्ना त्यांना ‘माझी जनावरं’ म्हणते. सकाळी कॉफीच्या आधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बघते, कोण हलतंय, कोण मलूल आहे. मी मैल्याचा टँकर चालवतो, त्यामुळे हे रोजचं बघण्यातलं.

बाई तोंडानं फटकळ. शेजारच्या ब्रॅडी गावात ड्वेन प्रिबिलचा प्लांट आहे. त्याला ती चारचौघांत ‘डबकं’ म्हणायची. ड्वेन ऐकून घ्यायचा.

नोव्हेंबरात चर्चच्या हॉलात माशाचं जेवण असतं. सुका कॉड मासा आधी कॉस्टिक सोड्याच्या जहाल पाण्यात फुगवायचा, मग ते पाणी फेकायचं. एकदम गेलं तर टाकीतली जनावरं मरतात, म्हणून दरसाली लोर्ना ते स्वतः बादली-बादलीनं दोन दिवस गटारात सोडायची. औंदा ती बायकांत बसून बटाट्याच्या पोळ्या लाटत होती. मागनं कुणीतरी विचारलं, "माशाच्या टबांची बुचं काढू का?"

ती गप्पांत. म्हणाली, "काढ की."

सातही टबांचं पाणी एकदम गटारातनं प्लांटवर गेलं.

सोमवारी टाकीवर पांढरा फेस, आणि काचेखाली एक जीव हलेना. घाणीतला विषारी अमोनिया खायला कुणी उरलं नाही, तो जसाच्या तसा तळ्यात चाललेला. पंधरा दिवसांत तळं गोठणार. बर्फाखाली तो साठला, की मासे पोट वर करून पडणार. लोर्नानं सरकारी कचेरीला कळवलं, कारणाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं.

विरजण नासलं की शेजारणीकडनं आणतात, तसंच ह्याचं. जिवंत गाळ आणून टाकीत ओतायचा.

मी म्हटलं, "लांबच्या गावाहून आणू, बाय. दोन तासांचा तर रस्ता हाय."

"वाटंतच मरतील. ब्रॅडीलाच चल."

ड्वेन दारातच उभा. "काय गं लोर्ना, डबक्याकडं वाट चुकलीस?"

"जनावरं मेली माझी."

"कशानं?"

"माझ्याच तोंडानं."

ड्वेन हसला नाही. टाकीतनं बरणीभर गाळ काढून तिच्या नाकासमोर धरला. "वास घे. मग सांग कसा हाय."

तिनं घेतला. मलाही आला. नांगरलेल्या ओल्या रानाचा वास, कुजकेपणा नावाला नाही. लोर्ना बरणीकडं बघत राहिली.

"माझ्यापरीस चांगला हाय."

"ह्या टँकरवाल्याला ऐकू आलं न्हाई."

कानाच्या पाळ्या लाल झाल्या बाईच्या, पण पुन्हा मोठ्यानं बोलली.

"लाव रं पाइप," ड्वेन मला म्हणाला.

तीन दिवसांत सहा खेपा केल्या. त्यानंतर आठवडाभर अमोनिया हलेना. लोर्ना घरी नुसती झोपायला जायची. थंडीत ही जनावरं आळशी होतात, त्यांना घाई करून चालत नाही. अकराव्या दिवशी आकडा निम्म्यावर आला. तेराव्या दिवशी नियमात बसला, तेव्हा तळ्याच्या काठाला बर्फाची साय धरली होती.

लोर्नानं कचेरीच्या आधी ब्रॅडीला फोन लावला. "उतरला."

"उतरणारच. जनावरं कुणाची हायत?"

ती म्हणाली, "तुझी."

फोन ठेवला आणि प्लांटच्या तोंडाशी चाळणीत अडकलेल्या चिंध्या काढायला गेली.