सपरीची बाजू

रविता नवेगाव बांधची. मराठीत एम. ए. झाल्यावर तिला घरबसल्या एक काम मिळालं. प्राचीन इजिप्तच्या वास्तूंसाठी मराठी शब्द पक्के करायचे. एकाच गोष्टीला एक लेखक गोपुर म्हणे, दुसरा बुरूज, आणि वाचणारा गोंधळून जाई. शब्द ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीची रीत अशी, की ज्याने शब्द सुचवला त्याने त्याची बाजू मांडायची. कुणीच बोललं नाही, तर शब्द गळाला.

डोंगरात कोरलेल्या थडग्याचा फोटो तिने एकदा बाबूजींना, म्हणजे वडील श्यामलाल यांना, दाखवला होता. पुढे दोन खांब, वर छत, मागे अंधारी खोली.

"हे तं सपरीच होय व," श्यामलाल म्हणाले. "आपण बसून राहिलो तशीच."

तिने घराच्या त्या ओसरीत बसूनच शब्द यादीत घातला. तेव्हापासून बाबूजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आपली सपरी इजिप्तले चालली."

बैठकीच्या दिवशी ती आतल्या खोलीत कानात इअरफोन घालून बसली. लॅपटॉपवर पुण्याचे, नागपूरचे चेहरे. यादीत शब्द सुचवणाऱ्यांची नावं नव्हती. अध्यक्षबाईंनी शब्द वाचला आणि चष्मा वर सरकवला.

"सपरी? म्हणजे फारोला आता खाटेवर बसवून पानसुपारी द्यायची का?"

सगळे हसले. रविताही हसली. जरा मोठ्यानेच.

"कुणी सुचवलाय?"

तिचं बोट माइकच्या बटणावर होतं. ते तिथेच राहिलं.

"बरं. मग द्वारमंडप पक्का."

ती बाहेर आली तेव्हा शेजारचे केवलराम बाबूजींजवळ बसले होते.

"तुह्यं हासनं आयकू आलं," बाबूजी म्हणाले. "मानला ना त्याहीनं?"

"नाही, बाबूजी."

"काऊन?"

"त्यांना दुसरा बरा वाटला."

"पण तू बोललीस ना?"

खरं सांगायला एक क्षण होता. तो तिने जाऊ दिला.

"हो. बोलले."

श्यामलाल केवलरामांकडे वळले. आवाजात हार नव्हतीच.

"शब्द गेला तं जाऊ दे गा, केवलरामभाऊ. माही पोरगी मोठ्या लोकायसंग भांडली त्याच्यासाठी!"

"भांडनारच," केवलराम म्हणाले. "पोरगी कोनाची होय?"

रविता चहा ठेवायला म्हणून आत गेली आणि चूल न पेटवताच उभी राहिली. बाहेर बाबूजी तिचं भांडण रंगवून सांगत होते.