झाकणबाई

माझी आत्या परगावच्या पाहुण्यांना आमच्या शहरात कुठे काय खायचं ते दाखवते. हे ऐकून लोकांना वाटतं, काय मजेचं काम! त्यांनी एकदा जेवणाच्या वेळी हॉटेलांच्या गल्लीत यावं. नवखा माणूस दिसला की दोन हॉटेलांचे वेटर त्याची बॅग दोन्हीकडून ओढतात आणि बॅग फाटली की एकमेकांचे शर्ट फाडतात. एकाचा दात पडलेला मी स्वतः पाहिलाय. तो दात शोधत बसला तेवढ्यात दुसऱ्याने गिऱ्हाईक आत नेलं.

मी गाडी चालवतो. स्टेशनवरून पाहुणे आणून आत्याच्या हवाली करतो. ती आधी बॅगा गाडीतच ठेवायला लावते, कारण बॅग दिसली की माणूस परका ठरतो. मग चालता चालता दम दिल्यासारखं शिकवते. हात धरून बोलावणाऱ्याकडे जायचं नाही. 'आज काय चांगलं आहे' असं वेटरला विचारायचं नाही. जे संपवायचं असतं तेच तो सांगतो. शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून 'यातलंच आण' म्हणायचं.

हे 'यातलंच' महत्त्वाचं, कारण आमच्या गल्लीची जुनी खोड आहे. रोजच्या गिऱ्हाइकांचं पातेलं वेगळं, बाहेरच्यांचं वेगळं. बाहेरच्यांच्या पातेल्यात कालचं-परवाचं उरलेलं, वर तिखट आणि तेल मनसोक्त. पोट बिघडलं तरी गावाहून भांडायला कोण परत येतंय!

म्हणून आत्या मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात घुसते आणि झाकणं उचलते. सगळे तिला झाकणबाई म्हणतात. आंबूस वास आला की तिचा हात चालतो. एका आचाऱ्याच्या डोक्यात तिने झाकणच घातलं, त्याला टाके पडले. दुसऱ्याने तिच्यावर उकळतं पाणी फेकलं. पायावर अजून डाग आहे. मला तिचं कौतुक वाटायचं आणि तितकाच रागही यायचा. कोण कुठले पाहुणे, त्यांच्या पोटासाठी हिने कातडी का सोलून घ्यायची?

नवरा गेल्यावर याच कामावर तिने मुलाला वाढवलं. हा माझा आतेभाऊ पुढे हातोड्याच्या हॉटेलात मुख्य आचारी झाला. मालकाला हातोड्या म्हणतात ते त्याच्या मुठीवरून. आत्याला आभाळ ठेंगणं झालं. ती प्रत्येक पाहुण्याला तिथे न्यायची, 'आचारी माझा मुलगा' म्हणून मिरवायची. आणि फक्त तिथेच ती झाकण उचलत नसे. पोटच्या पोराचं पातेलं कोण तपासतं?

एका दुपारी तिथून जेवून निघालेली पाहुणी माझ्या गाडीत रक्ताच्या उलट्या करायला लागली. त्या दिवशी तिने दुसरीकडे कुठेच काही खाल्लं नव्हतं. आम्ही तिला दवाखान्यात पोहोचवलं आणि आत्या तडक हातोड्याच्या मागच्या दाराने आत शिरली. मी मागोमाग. शेगडीवर दोन पातेली होती. तिने दुसऱ्याचं झाकण उचललं.

"हे कोणासाठी?"

"बाहेरच्यांसाठी," आतेभाऊ ढवळत म्हणाला. "तुला गल्ली नवीन आहे का?"

तिने त्याच्या थोबाडीत अशी मारली की पळी खाली पडली. आणखी दोन लगावल्या. मग फडक्याने पातेलं धरून तिने ते फरशीवर उलटं केलं. उकळता रस्सा सगळ्यांच्या पायांवर उडाला. आरडाओरडा ऐकून हातोड्या आत आला. त्याने आत्याचा उजवा हात धरला आणि ओट्याच्या कडेवर ठेवून खाली दाबला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी त्याच्या अंगावर धावलो, तर वेटरांनी मला पाडून बरगड्यांत लाथा घातल्या.

पडल्या पडल्या मला आतेभाऊ दिसत होता. त्याने पळी उचलली. मला वाटलं, आता घालतो हातोड्याच्या टाळक्यात. त्याने ती नळाखाली धुतली आणि उरलेल्या पातेल्यात घातली. त्या वेळी मला त्याचा जीव घ्यावासा वाटला. अजूनही वाटतो.

आत्याचा हात वाकडाच जुळला. नातेवाईक येऊन समजावून गेले, झालं गेलं विसर, पोराच्या पोटावर पाय देऊ नकोस. शेवटी पोरगा स्वतः आला. हाताची चौकशी नाही, काही नाही.

"आई, बाकीच्यांबद्दल काय वाटेल ते बोल. माझं हॉटेल तेवढं सोड."

आत्याने त्याला जेवायला वाढलं, डाव्या हाताने. तो पोटभर जेवला आणि हात धुऊन निघून गेला. ती त्याच्या उष्ट्या ताटासमोर बराच वेळ रडत बसली. मी मनात म्हटलं, संपलं, आता ही गप्प बसणार.

दुसऱ्या दिवशी ती पाहुण्यांना घेऊन त्याच हॉटेलासमोर उभी राहिली. दारात वेटर होते, गल्ल्यावर हातोड्या होता आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत आतेभाऊ. एका पाहुण्याने विचारलं, इथलं जेवण कसं असतं?

"इथला आचारी माझा मुलगा आहे," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "इथे जेवू नका."

पाहुणे हसले, त्यांना ती थट्टा वाटली. हातोड्या गल्ल्यावरून उठला. आत्याने तेच पुन्हा सांगितलं, आणि मी गाडीतला पाना काढून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.