हिराकाकी आणि उरलेलं मटण

हिराकाकींनी पहिल्याच भेटीत माझं अर्धा टोप मटण परसातल्या खड्ड्यात ओतलं. शाळेत नोकरी लागून मी नुकतीच कशेळ्याला राहायला आले होते. आदल्या संध्याकाळी पाहुणे जेवून गेले आणि उरलेलं मटण टोपातच झाकून ओट्यावर राहिलं. सकाळी ते गरम करत होते, तेवढ्यात शेजारच्या काकी विरजण मागायला आल्या.

“रातभर भायेरच व्हतं?”

“हो. आता उकळतेय की चांगलं.”

त्यांनी पदरानं टोप उचलला आणि मागच्या दारानं बाहेर. मी ओरडत मागे धावले. त्या शांतपणे वर माती लोटत होत्या. “उकळलं म्हंजे समदं विष जातं असं नाय, बाय.”

मी इतकी हबकले की पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पुढे त्यांचंच मटण जेवायला त्यांच्या घरी जाऊ लागले. जेवणं झाली की उरलेलं त्या लगेच परातीत पसरत, परात गार पाण्यावर ठेवत, वाफ गेली की लहान डब्यांत भरून फ्रीजमध्ये. “मोठा टोप वरनं गार, आतनं कोमट. त्या कोमटातच घात हाय.” दुपारभर लाइट गेली तर डब्यांतलं खड्ड्यात, तीन दिवस उलटले तरी खड्ड्यात. गाव हसायचं. त्याही हसायच्या, “हसा रं, पन जगा.”

एकदा सुट्टीत आम्ही वाल सोलत बसलो होतो. भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे बघून मी सहज विचारलं, “काका कशानं गेले?”

“माज्या हातानं,” त्या म्हणाल्या.

लेकीच्या हळदीचं मटण उरलं होतं. टोप तसाच झाकून राहिला. दुसऱ्या दिवशी मुलीची पाठवणी झाल्यावर काकींनी ते खळखळून उकळलं.

“वास नव्हता. चवबी चांगली व्हती. ह्ये म्हनत व्हते, नको, पोट भरलंय. मीच म्हनले, खावा, टाकायचं कशाला?” त्यांनी पुढची शेंग उचलली. “तीन दिस उलट्या, जुलाब. कर्जतच्या डॉक्टरनं सांगितलं, अन्नातनं झालं. साखरेच्या बिमारीचा मानूस, टिकला नाय.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

“लेकीला हार्टनं गेले म्हून सांगितलंय. तिला नको कळाया. जलमभर लग्नाचा दिस खाईल तिला.”

शेवटची दोन वर्षं काकी खालापूरला त्याच लेकीकडे होत्या. तिथेच गेल्या. बाराव्याला मी गेले, तेव्हा त्यांची लेक वनिता स्वयंपाकघरात एकटीच भांडी आवरत होती.

“बाई, आईला ते डब्यांचं वेड कुठनं लागलं हो? मी किती भांडले तिच्याशी त्यावरनं. तुम्हाला कधी बोलली?”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सांगावंसं फार वाटलं.

“नाही,” मी म्हटलं. “पण वेड नव्हतं ते, वनिता. तू ती सवय मोडू नकोस.”